घावलं का हुडकताय? : ‘परग्रहवासीयांचा शोध’ या शब्दप्रयोगाबद्दल

प्रश्न : तासगाव तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी ‘परग्रहवासीय बुद्धीमान जीवसृष्टीचा शोध’ असा फ्लेक्स करायचा आहे. कच्चा मजकूर वाचून गावातल्या एका आजोबांनी विचारलं, “मग, घावली का कुठं?” म्हणजे सापडली का. ‘परग्रहवासी’, ‘परग्रहवासीय’ की सरळ ‘एलियन’, यांतलं काय लिहावं?

उत्तर : सर, आजोबांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. ‘परग्रहवासीय’ चुकलंच आहे, त्याकडे नंतर येऊ. पण ज्या शब्दाबद्दल तुम्हाला शंकाच आली नाही, तो ‘शोध’ जास्त घोटाळा करतो.

मराठीत हा एक शब्द तीन कामं करतो. हरवलेल्या म्हशीचा शोध, अमेरिकेचा शोध आणि वाफेच्या इंजिनाचा शोध. पहिल्यात म्हैस अजून मिळालेली नाही, दुसऱ्यात असलेली गोष्ट कळली, तिसऱ्यात नसलेली गोष्ट तयार झाली. एरवी आपलं अडत नाही, कारण क्रियापद सांभाळून घेतं : शोध घेतात, शोध चालू असतो, शोध लागतो, शोध लावतात. फ्लेक्सवर किंवा बातमीच्या मथळ्यात क्रियापद गळतं आणि वाचणारा आपल्या मनानं ते भरतो. आजोबांनी ‘लागला’ भरलं.

घेणे आणि लागणे ही जोडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वेध घेतात, मागोवा घेतात, कानोसा घेतात. यात खटपट आपली. सुगावा लागतो, पत्ता लागतो. यात फळ आपल्या हातात नसतं. ‘कानोसा लागला’ असं कुणी म्हणत नाही, ‘सुगावा घेतला’ असंही नाही. ‘शोध’ मात्र दोन्ही क्रियापदांबरोबर नांदतो, म्हणून एकटा सापडला की फसवतो.

सातारा-सांगलीच्या बोलीत ही अडचणच नाही. ‘हुडकणे’ म्हणजे शोधत असणे, ‘घावणे’ म्हणजे सापडणे. “दोन दिस हुडकतोय, घावंना” यात कुणाचा गोंधळ होईल? ‘हुडकणे’ हा कन्नड ‘हुडुकु’शी नातं सांगणारा शब्द, जत-मिरजेकडे दोन्ही भाषा कानावर असतात, तिथं हे सांगावंही लागत नाही. (‘हुडकून काढलं’ म्हटलं की सापडलं असा अर्थ होतो, पण ते काम ‘काढलं’चं.) पाठ्यपुस्तकी मराठीनं हा भेद का सोडला, कोण जाणे.

आता विषयाला लावून बघा. १९९५ साली ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचा शोध लागला. तेव्हापासून असे हजारो ग्रह घावले आहेत. त्यांवरचे रहिवासी मात्र आपण अजून हुडकतोच आहोत. एकाच फ्लेक्सवर ‘ग्रहांचा शोध’ आणि ‘रहिवाशांचा शोध’ लिहिलंत, तर या दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतील.

या हुडकण्याला सगळ्यांत चपखल शब्द मला ‘कानोसा’ वाटतो, कारण काम खरोखर ऐकण्याचं आहे. एप्रिल १९६० मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथली २६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण दोन ताऱ्यांकडे वळवली. एक तिमिंगल तारकासमूहातला टाऊ सेटी, साधारण १२ प्रकाशवर्षांवरचा. दुसरा यमुना तारकासमूहातला एप्सिलॉन एरिडानी, साडेदहा प्रकाशवर्षांवरचा. हायड्रोजन ज्या वारंवारतेवर आपोआप रेडिओ लहरी सोडतो, त्या १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास त्यांनी कान लावला. दार लोटून अंगणातली चाहूल घ्यावी, तसंच. उलट १९७४ मध्ये पोर्तो रिकोतल्या आरेसिबो रेडिओ दुर्बिणीवरून एम-१३ या तारकागुच्छाकडे १,६७९ बिटांचा निरोप पाठवला, त्याला ‘साद’ म्हणा. तो गुच्छ सुमारे २५,००० प्रकाशवर्षं दूर आहे, तेव्हा पडसादाची घाई नको. आणि ही ‘साद’ ‘शोध’ या फलकाखाली घालू नका. कानोसा घेणाऱ्यांतल्याच काहींचा साद घालायला विरोध आहे.

ऐकू आलेल्या गोष्टीला काय म्हणावं, इथंही मथळे घसरतात. ‘संदेश’ म्हटलं की धाडणारा गृहीत धरला. ‘संकेत’ म्हटलं की दोन बाजूंत काही ठरलं असल्याचा वास येतो. १९६७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल यांना दर १.३३ सेकंदांनी ठोका देणारा स्रोत आढळला. गमतीनं त्याला ‘छोटे हिरवे लोक’ असं नाव पडलं; निघाला स्पंदतारा (पल्सार), म्हणजे स्वतःभोवती फिरताना ठरावीक वेळानं ठोके देणारा तारा. सूर्याला सगळ्यांत जवळच्या प्रॉक्सिमा सेंटॉरी या ताऱ्याच्या दिशेनं २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीनं टिपलेला ९८२ मेगाहर्ट्झचा सिग्नल पुढं माणसाच्याच उपकरणांतला गोंगाट ठरला. त्यामुळं पडताळणी होईपर्यंत ‘सिग्नल’ हाच शब्द बरा. पडताळणी म्हणजे काय, तेही एका ओळीत लिहा : दुर्बीण ताऱ्यावरून बाजूला नेली की सिग्नल जायला हवा, परत आणली की यायला हवा, पृथ्वीच्या फिरण्यामुळं त्याची वारंवारता हळूहळू सरकायला हवी, आणि दुसऱ्या ठिकाणच्या दुर्बिणीलाही तो मिळायला हवा. बहुतेक संशयित सिग्नल पहिल्याच पायरीवर गळतात, कारण दुर्बीण कुठंही वळवली तरी ते येतच राहतात. म्हणजे उगम आपल्याच अंगणात.

आता ‘परग्रहवासीय’. ‘वासी’ म्हणजेच राहणारा. त्याला पुन्हा ‘ईय’ कशाला? ‘सातारावासीयांना शुभेच्छा’ हे फलकांवर रुळलंय म्हणून ते शुद्ध होत नाही, शिवाय ‘सातारकर’ हाताशी असताना गरजही नाही. (‘परग्रहकर’ मात्र जमत नाही, ‘कर’ला गावाचं नाव लागतं.) अनेकवचनात ‘परग्रहवासींचा’ चालेल, ‘रहिवाशांचा’च्या चालीवर ‘परग्रहवाशांचा’ मला जास्त मराठी वाटतं. ‘एलियन’ मुलांना लगेच कळतो, खुशाल वापरा. ‘परजीवी’ मात्र चुकूनही नको. ते गोचीड-जंतांचं नाव.

‘परग्रह’मध्येही एक भोक आहे. गुरूचा युरोपा, शनीचा एन्सेलॅडस हे उपग्रह आहेत आणि बर्फाखालच्या पाण्यामुळं जीवांसाठी त्यांच्यावर डोळा आहे. काटेकोर हवं तिथं ‘पृथ्वीबाह्य’ लिहा. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांना ‘बाह्यग्रह’ म्हणू नका, तो शब्द गुरू-शनी वगैरेंना आधीच दिलेला आहे.

‘बुद्धिमान जीवसृष्टी’ हीसुद्धा विचित्र जोडणी. जीवसृष्टीत गवत आणि बुरशीही आली. बुद्धिमान असतील तर ‘जीव’. आणि रेडिओच्या कानोशाला नुसती बुद्धी पुरत नाही. आकाशगंगेत ज्यांची चाहूल आपल्याला लागू शकेल अशा संस्कृती किती, याचा अंदाज घेणाऱ्या ड्रेक यांच्या १९६१च्या समीकरणात सात घटक आहेत; त्यांत बुद्धी उपजण्याचा घटक वेगळा आणि दूरवर कळेल असं तंत्रज्ञान हाती येण्याचा वेगळा. देवमासा कितीही हुशार असला तरी रेडिओ प्रक्षेपक बांधत नाही, म्हणून तो या यादीत बसत नाही.

राहिला ‘पर’. परगाव, परमुलुख, परका : मराठीत हा उपसर्ग अंतर ठेवून बोलतो. आपल्याकडे मात्र एस्टी स्टँडवर अनोळखी माणूस दिसला तरी “काय पाव्हणं, कुठलं गाव?” असंच विचारतात. २०१७ मध्ये दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याकडून आलेला ओमुआमुआ हा खडक सूर्यमालेतून गेला, तेव्हा त्यालाही ‘पाहुणा’ म्हटलं गेलं आणि ते शोभलं. रहिवाशांना मात्र आत्ताच पाव्हणं म्हणू नये. पाव्हणा दारात आल्यावर होतो.

तेव्हा फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत ‘पृथ्वीबाहेरच्या बुद्धिमान जीवांचा कानोसा’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘१९६० पासून ऐकतो आहोत, अजून कुणी घावलेलं नाही’ असं लिहा. छापायला देण्याआधी ‘बुद्धीमान’मधली दीर्घ ‘धी’ ऱ्हस्व करून घ्या. सुटा शब्द ‘बुद्धी’, पण पुढं ‘मान’ लागला की ‘बुद्धिमान’. फ्लेक्सवाला ती हटकून दीर्घ करतो, म्हणून पक्का नमुना डोळ्यांखालून गेल्याशिवाय होकार देऊ नका.