येशू, यहोशवा आणि ‘ख्रिस्त’ नावाचं आडनाव

प्रश्न असा होता: मराठी बायबलमधला मोशेनंतरचा पुढारी ‘यहोशवा’ आणि नव्या करारातला ‘येशू’ ही एकाच नावाची रूपं आहेत, असं ऐकलं. मग दोन वेगळी का लिहितात? ‘ख्रिस्त’ हे आडनाव आहे का? आणि यहुदी ग्रंथांत येशूला काय म्हणतात?

नाव एकच, हे खरं. मूळ हिब्रू नाव ‘येहोशुआ’, अर्थ साधारण ‘याहवे (म्हणजे देव) तारतो’. बाबेलच्या बंदिवासातून यहुदी लोक परतले त्या सुमारास ते झिजून ‘येशुआ’ झालं. पांडुरंगाचा पांडू होतो तसंच, फक्त यात लाडिकपणा नाही. झीज बघायची तर नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय उघडा. तिथे मूळ हिब्रूत त्याच जुन्या यहोशवाला, नूनाच्या मुलाला, सरळ ‘येशुआ’ म्हटलंय.

पुढे हे नाव ग्रीकमध्ये गेलं आणि अडचण झाली. ग्रीकमध्ये ‘श’ नाही, आणि हिब्रू नावाच्या शेवटी ‘आयिन’ नावाचं घशातून काढायचं व्यंजन आहे, तेही नाही. म्हणून झालं ‘इयेसूस’. शेवटचा ‘स’ नावाचा नव्हेच, तो प्रथमेचा प्रत्यय. ‘रामः’च्या विसर्गाचा सख्खा भाऊ. ग्रीक वाचणाऱ्याला मात्र दोन नावं दिसत नाहीत, कारण हिब्रू ग्रंथांच्या जुन्या ग्रीक भाषांतरात यहोशवासुद्धा ‘इयेसूस’च आहे. याचा फटका 1611च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराला बसला: इब्री लोकांस पत्रात, चौथ्या अध्यायात, बोलणं यहोशवाबद्दल आणि छापलंय ‘जीझस’! मराठीत जुन्या करारातलं नाव हिब्रू वळणाचं राहिलं आणि नव्यातलं वेगळं, म्हणून ही दोन माणसं आपल्याला नावानेही परकी वाटतात. गोव्यात तिसरंच: पोर्तुगीजांकडून आलेलं ‘जेजू’.

या प्रवासात एक श्लेष मेला. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायात, देवदूत मरीयेच्या नवऱ्याला, योसेफाला, सांगतो, त्याचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. ‘कारण’ का? ग्रीकमध्ये काही कळत नाही, मराठीतही नाही. हिब्रू नावातच ‘तारणे’ आहे हे माहीत असेल तरच ते ‘कारण’ लागू पडतं.

आता आडनाव. नाव इतकं साधं, गल्लीतल्या चौघांचं असावं असं, की प्रत्येक लेखकाला ‘कुठला येशू?’ हे सांगावंच लागायचं. नव्या करारातच कलस्सैकरांस पत्रात ‘युस्त म्हटलेला येशू’ आहे, प्रेषितांच्या कृत्यांत ‘बार-येशू’ नावाचा जादूगार आहे. यहुदी इतिहासकार योसेफस (ग्रंथ साधारण इ.स. 93-94) याकोबाची ओळख ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ’ अशी करून देतो, आणि थोडं पुढे त्याच प्रकरणात दम्नैयाचा मुलगा येशू महायाजक होतो! सगळ्यात कमाल मत्तयाच्या 27व्या अध्यायातली. काही जुन्या हस्तलिखितांत बरब्बा या कैद्याचंही नाव ‘येशू बरब्बा’ असं आहे. म्हणजे रोमी सुभेदार पिलात लोकांना विचारतोय, कोणता सोडू, येशू बरब्बा की ख्रिस्त म्हटलेला येशू? तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या पंडिताला हा पाठ माहीत होता आणि रुचला नव्हता. मला विचाराल तर तोच मूळचा असावा. असलं नाव भक्तिभावाने नंतर कोण घुसडणार?

तर ‘ख्रिस्त’ ही अशीच वेगळी ओळख, म्हणजे बिरुद. ग्रीक ‘ख्रिस्तोस’ हे हिब्रू ‘माशिआह’चं सरळ भाषांतर: ज्याला अभिषेक झाला तो. मराठी बायबलातला ‘अभिषिक्त’ शब्द अगदी बरोबर आहे, फक्त आपल्या डोळ्यांसमोर पाणी-दूध येतं आणि तिथे तेल असायचं. शमुवेल संदेष्टा दाविदाला राजा म्हणून अभिषेक करतो तो तेलाने भरलेल्या शिंगातून. आणि हे बिरुद सुरुवातीला कुणा एकाचं नव्हतं. राजांना लागायचं, याजकांना लागायचं, यशयाच्या पुस्तकात तर पारसाचा, म्हणजे इराणचा, राजा कोरेश यालाही लागलंय. पौलाच्या पत्रांत, म्हणजे इ.स. 50च्या दशकात, ‘येशू ख्रिस्त’ आणि ‘ख्रिस्त येशू’ असं दोन्ही सापडतं. आडनाव असतं तर असं उलटसुलट झालं नसतं. ‘लोकमान्य’ म्हटलं की टिळकच, तसं त्याचं झालं. हिंदी सिनेमांतून आपल्याकडे आलेला ‘मसीहा’ हा याच ‘माशिआह’चा दुसऱ्या वाटेने आलेला अवतार.

राहिले यहुदी ग्रंथ. हिब्रू बायबल येशूच्या आधीचं, त्यात त्याचं नाव येण्याचा प्रश्नच नाही. भाकितं त्याच्याबद्दल आहेत की नाहीत हा दोन धर्मांतला वाद, शब्दांचा नव्हे. बाबेलच्या तालमुदात, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या चर्चांच्या नंतरच्या संग्रहात, मात्र ‘येशू’ आहे: योद, शीन, वाव, तीनच अक्षरं, शेवटचं आयिन गायब. सन्हेद्रिन या भागात, वल्हांडण या यहुदी सणाच्या आदल्या दिवशी येशूला टांगलं, असं वाक्य आहे. युरोपात छापताना सेन्सॉरने असे मजकूर कापले, म्हणून कित्येक छापील प्रतींत ते मिळत नाहीत. आयिन का गेलं? मुद्दाम तोडलं, ती शिव्याशापाची आद्याक्षरं आहेत, असं पुढच्या काळातल्या वादांत सांगितलं गेलं. गालीलकडचे लोक घशातले उच्चार गिळायचे, ही दुसरी उपपत्ती मला जास्त पटते. आपला ‘येशू’ कानाला तालमुदासारखाच लागतो, पण त्याचा तालमुदाशी संबंध नाही.

तेच आयिन अरबी ख्रिस्ती लोकांच्या ‘यसूअ’मध्ये शेवटी टिकून आहे, आणि कुराणातल्या ‘ईसा’मध्ये चक्क सुरुवातीला आहे. त्या ‘ईसा’वरून ‘ईसवी’, आणि फारसीच्या वाटेने आपलं ‘इसवी सन’.