बसमार्ग आणि कॉलेज आणून ओस पडलेला मध्यभाग सावरता येतो का?

येतो, पण दोन्ही एकाच जागी आले तर. तुम्ही लिहिलंय की तुमच्या शहराची पालिका जुन्या बाजारपेठेतून नवा वाहतूक मार्ग काढतेय आणि नव्या कॉलेजसाठी मात्र हद्दीबाहेरची स्वस्त मोकळी जमीन बघतेय. मार्ग झाला की बाजार आपोआप सावरेल, हा त्यांचा हिशेब मला पटत नाही. गाडी माणसाला मध्यभागात आणून सोडेल. पण तिथे यायला काही कारण तर हवं!

अमेरिकेतल्या बफेलोचं उदाहरण मी नगररचना शिकताना पहिल्यांदा वाचलं, ते अजून डोक्यातून जात नाही. १९८४ ते ८६ दरम्यान तिथे सुमारे दहा किलोमीटरची हलकी रेल्वे, म्हणजे ट्रामसारखी शहरातली गाडी, टप्प्याटप्प्याने सुरू झाली. मध्यभागात मेन स्ट्रीटवरून मोटारी हटवल्या, रुळांच्या दोन्ही बाजूंना फक्त पायी चालणारे, आणि तेवढ्या पट्ट्यात तिकीटही नाही. (गंमत म्हणजे ही गाडी गजबजलेल्या भागात जमिनीवरून आणि बाहेर पडल्यावर भुयारातून धावते. बहुतेक ठिकाणी उलटं असतं.) पण त्याआधीच राज्य विद्यापीठाने आपला मोठा नवा कॅम्पस अ‍ॅमहर्स्ट या उपनगरात उभारायला घेतला होता. रेल्वे तिथपर्यंत गेलीच नाही, शहराच्या कडेला जुन्या कॅम्पसपाशी थांबली. रस्ता देखणा झाला, पण हजारो तरुण दुसरीकडेच. मोठी दुकानं एकेक करून मिटली. सगळं खापर रेल्वेवर फोडणं अन्यायाचं होईल, कारण पोलादाचा धंदा त्याच सुमारास बसला होता आणि लोकवस्तीही घटत होती. शेवटी मेन स्ट्रीटवर टप्प्याटप्प्याने मोटारी परत आणाव्या लागल्या. २०१७ मध्ये त्याच विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय उपनगराजवळच्या कॅम्पसवरून मध्यभागाजवळ परतलं, तेही थेट रेल्वे स्थानकाच्या माथ्यावर. जे आधी करायचं ते तीस वर्षांनी केलं.

अमेरिकेतल्याच फिनिक्सने नेमकं उलटं केलं. शहर मोटारींवर जगणारं, मध्यभाग संध्याकाळी सुनसान. तिथल्या मतदारांनी २००६ मध्ये कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि त्यातले २२.३ कोटी डॉलर अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या मध्यभागातल्या कॅम्पससाठी ठेवले. त्याच वर्षी वर्ग सुरू झाले आणि डिसेंबर २००८ मध्ये शेजारच्या टेंपी शहरातला मुख्य कॅम्पस व हा मध्यभाग जोडणारी रेल्वे धावू लागली. पुढे कायद्याचं कॉलेजही तिथेच हललं.

हे जमतं कसं, तर वेळापत्रकामुळे. ऑफिसवाले सकाळी एकदा येतात, संध्याकाळी एकदा जातात. मधल्या वेळात गाड्या रिकाम्या धावतात, म्हणून फेऱ्या कमी होतात. अर्ध्या तासाने एक गाडी असली की दुपारी खरेदीला निघणारा माणूस स्वतःची दुचाकी काढतो. विद्यार्थी मात्र एकगठ्ठा येत नाहीत. कुणाचा तास आठला, कुणाची प्रयोगशाळा दोनला, कुणाचा संध्याकाळचा वर्ग. त्यांच्यामुळे दिवसभर गाडी भरलेली राहते आणि दहा-दहा मिनिटांनी फेरी सोडणं परवडतं. ती फेरी मग आजीबाईंच्याही कामाची, दुकानदाराच्याही. म्हणून मी कॉलेजकडे आधी वाहतुकीचं गिऱ्हाईक म्हणून बघतो, शिक्षणसंस्था म्हणून नंतर. शिक्षक मंडळी रागावतील, चालेल.

जागेची अडचण पुढे केली जाईल. मध्यभागात मोठा भूखंड मिळत नाही, हे खरं. पण बंद पडलेली मोठी दुकानं असतात, आणि त्यांचे प्रशस्त मजले वर्गांना, वाचनालयाला बरे पडतात. शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवरून १९७९ मध्ये खासगी मोटारी काढून फक्त बस ठेवल्या होत्या. रस्ता काही सावरला नाही आणि १९९६ मध्ये तो प्रयोग मागे घेतला. त्याच रस्त्यावरच्या गोल्डब्लाट्स या बंद पडलेल्या भव्य दुकानाच्या इमारतीत १९९३ पासून डी-पॉल विद्यापीठ आहे, आणि १९९१ पासून जवळच शहराचं मुख्य वाचनालय.

कॉलेज आलं तरी ते रस्त्याकडे पाठ करून बसलं तर उपयोग नाही. उंच कुंपण, एकच फाटक, आत कॅन्टीन, आत झेरॉक्स, आत वाहनतळ. असलं कॉलेज भर चौकात असूनही उपनगरातच असतं. सुट्ट्यांचाही विचार हवा. वर्षातले दोन-तीन महिने विद्यार्थी नसतात, म्हणून सर्वांना खुलं वाचनालय आणि नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग हवेतच. भाडी वाढून जुने दुकानदार हुसकले जाण्याची भीतीही खरी आहे. रस्ता खणलेला असताना त्यांचं गिऱ्हाईक तुटतं, तेव्हा त्या काळात करात सवलत मागा.

पालिकेच्या बैठकीला जाणार असाल तर दोन गोष्टी लेखी विचारा. कॉलेजचं मुख्य दार कोणत्या रस्त्यावर उघडणार आणि तिथून थांबा किती पावलांवर? आणि संध्याकाळचा शेवटचा वर्ग सुटल्यावर घरी जायला गाडी असेल का? दुसऱ्याचं उत्तर बहुधा दोन वेगळ्या खात्यांकडून येईल. तेव्हा दोन्ही खात्यांच्या लोकांना एकाच खोलीत बसवूनच विचारा.