‘हॅन सोलो अ‍ॅट स्टार्स एंड’ पहिल्यांदा वाचताय?

निवड छान आहे! ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या हॅन सोलो या अंतराळ-तस्कराची ही गोष्ट. आधी ब्रायन डेलींची १९७९ची कादंबरी वाचून काढा. मग तिच्यावरून आर्ची गुडविन यांनी लिहिलेली आणि आल्फ्रेडो अल्काला यांनी चितारलेली चित्रकथा हातात घ्या. उलट केलंत तर गोष्ट कुठे आवळलीय ते कळणारच नाही.

नवे वाचक हमखास अडतात ते दोन ठिकाणी:

१. एका बैठकीत फडशा पाडणं. ही चित्रकथा म्हणजे १९८०-८१मध्ये वर्तमानपत्रात रोज येणारी स्ट्रिप (चित्रांची छोटी पट्टी), त्यामुळे कालचा धागा आज पुन्हा सांगावाच लागतो. सलग वाचलंत तर कंटाळा येईल. रोज आठवड्याभराच्या पट्ट्या वाचा, पुरे.

२. डार्क हॉर्स या कॉमिक प्रकाशकाचे १९९७चे तीन रंगीत अंक आधी घेणं. वाचायला सोपे आहेत, पण त्यांत पट्ट्या कॉमिकच्या पानात बसवल्यात आणि रंग नंतर चढवलाय. अल्कालांची खरी कमाल काळ्या शाईच्या बारीक रेघांत! हॅनचा साथीदार चूबाका याच्या केसाळ अंगावर नजर जरा रेंगाळू द्या. आयडीडब्ल्यू या प्रकाशकाचा २०१७चा आडवा संग्रह मिळाला तर तोच घ्या.

चित्रपटांशी काळाचा मेळ तूर्त घालत बसू नका. गोष्ट पहिल्या चित्रपटाच्या आधीची आहे, एवढं माहीत असलं की झालं. तुरुंगाच्या भागापर्यंत पोचलात की नक्की सांगा, मग पुढचं बोलू.