नवी 4x4 थार घेतलीत? आधी छोटा लिव्हर समजून घ्या

अभिनंदन! हा लिव्हर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) चालवतो. गिअरबॉक्समधून आलेली ताकद ती 2एचमध्ये (दोन चाकं, हाय म्हणजे नेहमीचा वेग) फक्त मागच्या चाकांना देते, 4एचमध्ये (चार चाकं, हाय) पुढच्यांनाही. पण तेव्हा पुढचा आणि मागचा शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे फिरते दांडे) एकत्र बांधले जातात. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून हिशेब जुळवतात, कोरड्या डांबरावर जुळत नाही. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते. नवखे इथेच चुकतात (मीही चुकलोय).

- कोरड्या रस्त्यावर 2एचच.
- 4एलमध्ये (चार चाकं, लो म्हणजे संथ वेग) जोर साधारण अडीचपट, वेग तितकाच कमी. गाडी थांबवून, मुख्य गिअर न्यूट्रलला ठेवूनच टाका.
- चिखलात रुतण्याआधी 4एच लावा, नंतर नाही.

डिफरेन्शियल लॉकचं (एकाच एक्सलची दोन्ही चाकं सारखीच फिरवणारी सोय) पुढे बघू. आधी मोकळ्या मैदानात लिव्हर हाताखालून जाऊ द्या.