गेलेल्या धाकट्या भावाबद्दल लिहायला घेतलंयस तर

हे बघ, आधी त्याचा मोबाईल सांभाळ, सिमला रिचार्ज मारत राहा, प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर बंद होऊ शकतो आणि व्हॉट्सॲप १२० दिवस पडून राहिलं तर अकाउंटच जातं, म्हणून व्हॉइस मेसेज आजच काढून घे, आवाज परत मिळत नाही रे. मग त्याच्या दोस्तांना गाठ. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला कुणाबरोबर फिरायचा, पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजामागं चालताना काय बडबडायचा, भाकरीवर शेंगाचटणी न् दही किती घ्यायचा, असलं बारीकसारीक लिही. नुसतं 'गुणी होता' म्हटलं की तो दिसतच नाही. आजारपण दोन ओळीत उरक. आईला मात्र खोदून विचारू नको, ती आपणहून बोलायला लागली की फक्त ऐक, वही नंतर काढ.