१९४० मधील आरएएफ (ब्रिटनचे शाही हवाई दल) वैमानिकाच्या वेशासोबत १९४३ नमुन्याचे उड्डाणबूट चालतील का?

नाही, हवाई प्रदर्शनात ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मधील (१९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनवर जर्मनीविरुद्ध झालेली हवाई लढाई) लढाऊ वैमानिक म्हणून वावरायचे असेल, तर हे बूट वगळून १९३६ नमुन्याचे काळे चामडी बूट वापरावेत. १९४३ नमुन्याचे बूट त्या लढाईनंतरचे तर आहेतच, शिवाय त्यांची रचनाही वेगळ्या गरजेतून झाली होती: शत्रूच्या मुलुखात उतरावे लागल्यास वैमानिकाला नडगीवरचा भाग कापून टाकता येई, त्यासाठीचा छोटा चाकू बुटातच ठेवलेला असे आणि पायात साधा नागरी वाटणारा बूट उरे. हीच कालक्रमाची कसोटी बाकीच्या साहित्यालाही लावावी. कानांवर झिपचे फुगीर कप्पे असलेले ‘बी’ प्रकारचे चामडी हेल्मेट १९४० ला शोभते, ‘सी’ प्रकारचे नंतरचे आहे. लाइफ जॅकेटही तोंडाने फुंकून फुगवायचे, १९३२ नमुन्याचे हवे, वायूच्या बाटलीचे १९४१ नमुन्याचे नव्हे. मेंढीच्या कातड्याचे अर्विन जॅकेट चुकीचे नाही, पण त्या उन्हाळ्यातील छायाचित्रांत अनेक वैमानिक नेहमीच्या निळ्या-करड्या गणवेशावरच लाइफ जॅकेट चढवलेले दिसतात, त्यामुळे भर उन्हात उगाच घामाघूम होण्याचे कारण नाही. मात्र १९४४ मधील लँकेस्टर बॉम्बरच्या चमूतील सदस्याचा वेश करणार असाल, तर १९४३ नमुन्याचे बूट अगदी योग्य आहेत.