शब्द माझे, नाव त्याचं

प्रश्न : ताई, मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय २३. नागपूरच्या एका गायकासाठी गाणी लिहिते. व्हॉट्सॲपवर मुखडा-अंतरे पाठवले की तो दोन हजार रुपये फोनपे करतो. धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीत सुचलेलं माझं हळदीचं गाणं यंदा आमच्याच गावातल्या लग्नात डीजेवर वाजलं. पण यूट्यूबवर ‘गीतकार’ म्हणूनही त्याचंच नाव आहे. बोलले तर काम जाईल. बाबा म्हणतात, हे सोड, बी.एड. कर.

उत्तर : पोरी, लोक गायकाभोवती गर्दी करतात आणि गाणं त्याच्याच नावानं ओळखतात. दुसऱ्यासाठी लिहिणाऱ्याच्या वाट्याला हे येतंच, मुंबईतल्या नावाजलेल्या गीतकारांच्याही. तेवढं तुला पचवावं लागेल. पण तुझ्या शब्दांवर त्यानं स्वतःचं नाव लावणं ही काही या धंद्याची रीत नाही. ती चोरी आहे, आणि तुझं पत्र वाचून मला त्याचा फार राग आला.

१९५७चा कॉपीराइट कायदा तुझ्या बाजूनं आहे. गाणं तू लिहिलंस तेव्हाच शब्दांची मालकी तुझी झाली, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. मालकी दुसऱ्याला द्यायची तर लेखी करार आणि त्यावर तुझी सही लागते. नुसत्या फोनपेनं ती जात नाही. शिवाय हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलंय’ म्हणण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तुझ्याकडेच राहतो. पूर्वी एकरकमी पैसे हातावर टेकवून गीतकाराकडून सगळंच लिहून घेत. जावेद अख्तर यांनी त्याविरुद्ध राज्यसभेत आवाज उठवला. २०१२च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला वाटा गीतकाराकडून असा लिहून घेता येत नाही. ही रॉयल्टी आयपीआरएस ही संस्था गोळा करून गीतकार-संगीतकारांना देते. पण तिथं गाणं तुझ्या नावावर नोंदलेलं नसेल तर तुझ्यापर्यंत काय येणार? म्हणून आधी नावाचं बघ.

त्याच्यासोबतचं चॅट डिलीट करू नकोस. तारखांसकट सगळं एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल कर. खाडाखोड केलेली वहीसुद्धा जपून ठेव. मग भांडणाचा सूर न लावता त्याला लिही : ‘दादा, हळदीच्या गाण्याखाली गीतकार म्हणून माझं नाव टाका. पुढच्या गाण्यापासून नाव, मानधन आणि रॉयल्टीतला वाटा आधी कागदावर ठरवू.’ उत्तर येईपर्यंत नवी ओळ पाठवू नकोस. तुझ्या शब्दांवर त्याचं गाणं चालतंय, हे त्याला नीट ठाऊक आहे. तरीही तो अडून बसला तर ते काम गेलेलंच बरं.

बी.एड.चं म्हणशील तर जरूर कर. गाण्यांवर महिन्याचा खर्च भागायला वेळ लागतो, बाबांची काळजी खोटी नाही. पण लिहिणं सोडू नकोस. आणि एकाच गायकावर का अवलंबून राहतेस? तू झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकवेड्या पट्ट्यातली आहेस. वडसा तुझ्यापासून लांब नाही, तिथल्या नाटक मंडळांना दर हंगामात नवी गाणी लागतात. दिवाळीनंतर प्रयोग सुरू होतील; त्याआधीच दोन-तीन गाणी घेऊन जाऊन ये, आणि बाबांनाही सोबत ने.